पट 2, हजर 2

आमच्या घरात हल्ली माणसांपेक्षा यंत्रं जास्त बोलतात. दार उघडलं की माझ्या खिशातला फोन टुणकन वाजतो. गोळ्यांचा डबा ठरल्या वेळी केकाटायला लागतो आणि झाकण उघडून गोळी काढल्याशिवाय गप्प बसत नाही. पलंगालगत जमिनीवर एक पातळ चटई आहे. रात्री तिच्यावर पाय पडला की माझ्या उशाशी घंटी वाजते. माणसं म्हणाल तर मी आणि ही. शिवाय दिवसभर ब्युरोतून येणाऱ्या मावशी असतात. त्यातही ही बराच वेळ इथे नसतेच. म्हणजे खुर्चीत बसलेली असते, पण 1974 साली असते, तिसरीच्या वर्गावर.

हिला डिमेन्शिया आहे. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी हिची तोंडी परीक्षा घेतली. ती 30 मार्कांची असते. 1975 साली अमेरिकेत तयार झालेली ही प्रश्नपत्रिका अजून जवळपास तशीच चालू आहे. इतका स्थिर अभ्यासक्रम आमच्या हिला उभ्या नोकरीत कधी मिळाला नाही. आज वार कोणता, तारीख काय, शंभरातून सात-सात वजा करत खाली या, असे प्रश्न. ऋतू कोणता, हाही एक असतो. बाहेर ऐन नोव्हेंबरात धो धो पाऊस कोसळत होता. त्या प्रश्नाला ही अडली याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. माझी सगळी नोकरी हवामान खात्यात झाली, आणि मलाही पटकन सांगता आलं नसतं. तारीख विचारल्यावर मात्र ही डॉक्टरांना म्हणाली, "एवढे शिकलात, मागे भिंतीवर कॅलेंडर लावलंय, आणि मला विचारता?" शेवटी मार्क कळले तेव्हा हिने पेपर फेरतपासणीला मागितला.

यंत्रं पाठवतो तो आमचा मुलगा. तो न्यू जर्सीत असतो. परदेशातल्या मुलांची माया खोक्यांतून येते. पूर्वी तो यायचा तेव्हा बॅगेतून बदाम आणि चॉकलेटं निघायची. आता सेन्सर निघतात. त्यालाही दुसरं काय करता येणार? बारा हजार किलोमीटरवरून आईचा हात धरता येत नाही, तिच्या दाराला चुंबक लावता येतो.

माझं यंत्रांशी वैर नाही, उलट माझं पोट त्यांच्यावरच भरलं. शिवाजीनगरच्या ज्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथे मी निरीक्षक होतो. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे 1944 मध्ये ते दिल्लीलाही गेलं, पण पुणेकराने एकदा नाव ठेवलं की ते दिल्लीश्वरालाही पुसता येत नाही. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या आमच्या ठरलेल्या वेळा. तापमापक वाचायचा, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत नोंद करायची. यंत्र दाखवील ते खरं. माणसाला काय वाटतंय, हा प्रश्नच नाही. शेजारी "आज फार उकडतंय हो" म्हणाले, की मी मनातल्या मनात अंश सेल्सियस म्हणायचो.

त्यामुळे पहिलं खोकं आलं तेव्हा हिच्यापेक्षा मीच खूश होतो. आत एक बोलकी डबी होती. तिला प्रश्न विचारला की ती उत्तर देते, आणि तोच प्रश्न शंभरदा विचारला तरी त्याच सुरात देते. मुलाचं म्हणणं असं, की बाबा, तुम्ही पाचव्यांदा चिडता, ही चिडत नाही. म्हणणं खरं होतं. डबीतल्या बाईला मराठी यायचं नाही, हिंदीत बोलायची, पण गोड बोलायची. सकाळी लवकर उठून मीही तिला पावसाचं विचारायचो. जुन्या खात्याची खबरबात म्हणून, एवढंच.

थोड्याच दिवसांत हिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ती बाई कोण?"

"कुठली बाई?"

"पहाटे उठून जिच्याशी हळू आवाजात बोलता ती. आणि तिच्याशी बोलताना बरा आवाज मऊ होतो तुमचा!"

मी डबी उचलून दाखवली. उलटी केली. वायर दाखवली, वायरीचा पिनकडचा शेवट दाखवला. ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे आत ठेवलीत तिला?"

यात नवीन काही नव्हतं, हे मला पुढे वाचताना कळलं. 1901 च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एका रेल्वे कारकुनाने आपल्या बायकोला आणून दाखल केलं. ऑगस्ट डेटर तिचं नाव, वय 51. तिच्या आजाराची सुरुवातच नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. तिथल्या डॉक्टर अलॉइस अल्झायमरने तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने स्वतःचंच सांगितलं. 1906 मध्ये ती गेली, त्याच वर्षी अल्झायमरने तिच्या मेंदूत काय दिसलं यावर व्याख्यान दिलं, आणि 1910 मध्ये क्रेपेलिनच्या ग्रंथात या आजाराला त्या डॉक्टरचं नाव मिळालं. ऑगस्टची हरवलेली फाइल 1995 मध्ये सापडली आणि तीही जगप्रसिद्ध झाली. राहिला तो कारकून कार्ल. त्याच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, आणि मला तर त्याच्याबद्दलच सगळ्यांत जास्त कुतूहल आहे. त्याच्या घरात बोलकी डबीही नव्हती, तरी त्याच्यावर संशय आला. म्हणजे माणूस माझ्याहून निरपराध.

डबी माळ्यावर गेली. जुनी पातेली आणि गणपतीच्या मखराच्या संगतीत ती आता काय बोलत असेल ते बोलो.

मग घड्याळ आलं. हातभर रुंद पडदा, त्यावर ठळक अक्षरांत वार, तारीख, सन आणि 'सकाळ' की 'दुपार' ते. सगळं इंग्रजीत. पुष्कळ घरांत या घड्याळाचा उपयोग होतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ही तर ते मोठ्याने, सुस्पष्ट उच्चारांत वाचायची. वाचायचं कसं ते ही विसरलेली नाही. फक्त त्याच्यावर विश्वास ठेवायची नाही. सन वाचला की मला बाजूला घेऊन म्हणायची, "हे कोणी लावलंय? मुलं चुकीचं शिकतील." हिच्या हिशेबाने घड्याळ अर्धं शतक पुढे होतं. आमच्या खात्यात एवढी चूक दाखवणारं यंत्र त्याच दिवशी मोडीत निघालं असतं, तेव्हा हिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या योग्यच होतं.

आठवणी जाताना नव्या आधी जातात आणि जुन्या मागे राहतात, हे रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1881 सालीच लिहून ठेवलंय. आजचे डॉक्टर सांगतात, की नवी आठवण पक्की करणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या आजारात फार लवकर सापडतो. म्हणून सकाळचा चहा झाला की नाही, हे हिला सांगता येत नाही. पण त्या तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोण बसायचं आणि दुसऱ्याच्या डब्यातली पोळी कोण पळवायचं, ते नावानिशी सांगते. वरचे मजले ढासळलेत आणि तळमजला जसाच्या तसा आहे, अशा एखाद्या वाड्यासारखं हे झालंय. आणि आम्ही सगळे, म्हणजे मी, मुलगा, डॉक्टर, डबी आणि घड्याळ, हिला हाका मारत होतो त्या पडलेल्या मजल्यावरून. "वर ये, वर ये!" जिना कुठे होता यायला?

हे माझ्या ध्यानात आलं ते काही रिबो वाचून नाही. मावशींमुळे. मावशी पहिल्या दिवसापासून हिला 'बाई' म्हणत आल्या. त्यांनी हिला कधी वार विचारला नाही, आपलं नावही ओळखायला लावलं नाही. एक दिवस म्हणाल्या, "काका, एवढ्या पैशाची खोकी आणताय, बाईंना एक फळा आणा की."

अप्पा बळवंत चौकातून फळा आणला, खडूचा डबा आणला, डस्टर आणलं. इंग्रजी घड्याळाच्या खिळ्यावर फळा टांगला. हिने पदर खोचला, खडू मोडून घेतला (अख्खा खडू किरकिरतो, हे मला लग्नानंतर पहिल्या वर्षातच शिकवलं गेलं होतं) आणि कोपऱ्यात ओळीने लिहून काढलं: वार, दिनांक, पट, हजर. वर मध्यभागी 'सुविचार' आणि त्याखाली रेघ. अक्षर असं, की हवामान खात्यातल्या कुठल्याही कारकुनाने नोकरी सोडावी. वार मी सांगितला, तो हिने लिहिला. दिनांक सांगितला, तोही लिहिला. सन मी सांगितला नाही आणि हिने विचारला नाही. आमच्यात तेवढा समजूतदारपणा अजून आहे. मग पट 42 लिहिला, हजर 2 लिहिले, आणि वळून माझ्याकडे आणि मावशींकडे पाहिलं.

"बाकीची मुलं कुठायत?"

"पाऊस आहे, बाई," मी म्हणालो.

एप्रिल महिना होता. बाहेर ऊन रणरणत होतं. हिने खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो ना. ओढ्याला पाणी आलं असेल. राहू दे, आज गोष्ट सांगते."

उभ्या नोकरीत आम्ही सांगितलेला पाऊस पडला नाही की लोक दारात येऊन हसायचे. आता मी वाटेल त्या महिन्यात वाटेल तेवढा पाऊस पाडतो, आणि त्याने घरात गारवा येतो. या बाबतीत डबीतली बाई कच्ची होती. तिला ऊन म्हणजे ऊन आणि मंगळवार म्हणजे मंगळवार. हिने "माझी आई कुठाय?" विचारलं असतं तर त्या बाईने काय सांगितलं असतं, या विचाराने मला अजून घाम फुटतो. मी सांगतो, मामाकडे गेलीय. मामाकडे ती पुष्कळ दिवस राहते आहे. मामीचा स्वभाव चांगला म्हणायचा.

पुढे बदलीचा हुकूम आला असं सांगून पट मीच कमी करून घेतला. आता फळ्यावर रोज असतं: पट 2, हजर 2. मी आणि मावशी. शंभर टक्के उपस्थिती. कमी पटाच्या शाळांचं सरकार काय करतं, हे मात्र मी हिच्या कानावर जाऊ दिलेलं नाही.

मी काही अगदीच यंत्रं सोडून फळ्याला लागलो असं नाही. माझी जुनी खोड म्हणून मी हिच्याही नोंदी ठेवतो. झोप किती, जेवण किती, अस्वस्थता केव्हा आणि किती वेळ. डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो. एकदा वही टेबलावर उघडी राहिली आणि दुपारी पाहतो तो पानभर लाल शाई. मी लिहिलेल्या 'सुरूवात' या शब्दातला रू खोडून ऱ्हस्व केला होता. दोन स्वल्पविराम घातले होते. 'अस्वस्थता वाढली' या वाक्यापुढे बरोबरची खूण होती. आणि खाली शेरा: 10 पैकी 6, अक्षर सुधारावे. आपल्याच आजाराची नोंदवही हिने तपासून दिली होती. ती वही मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना तशीच दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सुरुवात ऱ्हस्व असतं होय?"

तेव्हापासून लाल पेन हे आमच्याकडचं मुख्य उपकरण झालं. सोसायटीतल्या मुलांच्या जुन्या वह्या मी मागून आणतो. दुपारचे दोन तास हिचे त्यात निघतात, आणि सोसायटीतल्या मुलांचं ऱ्हस्व-दीर्घही म्हणे सुधारलंय. जपानमध्ये 2005 पासून सीलच्या पिल्लासारखं एक मऊ यंत्र विकत मिळतं, पारो नावाचं. कुरवाळलं की ते डोळे मिटतं, हुंकार देतं, आणि अशा माणसांना त्याने बरं वाटतं म्हणतात. मुलाने त्याची चौकशी केली होती. किंमत रुपयांत लाखांच्या घरात गेली तेव्हा मी म्हटलं, राहू दे, वह्या फुकट मिळतात. शिवाय सील मांडीवर घेऊन हिने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की हा कुठल्या इयत्तेत आहे.

स्वयंपाकघरात काही जमलं, काही फसलं. गॅसला ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारी कळ बसवली, ती उत्तम. इंडक्शनची शेगडी मात्र फसली. तिला ज्योत नाही. ही तिच्यावर लायटर धरून खटखट करत उभी राहायची आणि शेवटी मावशींना सांगायची, "सिलेंडर संपलं, नंबर लावा."

संध्याकाळ अवघड असते. नेमकी साडेपाचची, माझ्या जुन्या नोंदीची वेळ. ऊन उतरलं की हिची घालमेल सुरू होते. पर्स खांद्याला लावते, चपला शोधते. "घरी जायचंय. अंधार पडायच्या आत पोचलं पाहिजे. आई वाट बघत असेल." हे घरच आहे, असं सांगून बघावं तर माझ्याकडे ज्या नजरेने पाहते, ती परक्या पुरुषाकडे बघायची नजर असते. भल्या घरच्या बाईने कोणा अनोळखी माणसाच्या 'हे तुझंच घर आहे' या बोलण्यावर का विश्वास ठेवावा, हे मला कोणी पटवून द्यावं.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फमधल्या एका वृद्धाश्रमाने दारासमोर बसथांबा उभारला होता. पाटी खरी, बाक खरा, बस मात्र कधीच येत नाही. घरी जायला निघालेली म्हातारी माणसं तिथे जाऊन बसतात, वाट पाहतात, थोड्या वेळाने कुठे निघालो होतो ते विसरतात, आणि मग कोणीतरी येऊन म्हणतं, बसला उशीर आहे, तोवर आत कॉफी घेऊ या. या कल्पनेवर तिकडे बराच वाद झाला, की ही फसवणूक नाही का. मला ती फार आवडली. पुण्यात खोटा थांबा उभारण्याचीही गरज नाही. खऱ्या थांब्यावर तेवढाच वेळ बसता येतं.

मी घंटा वापरतो. जवळच्या शाळेत अजून रुळाचा तुकडा टांगलेला आहे. तिथल्या शिपायाला गाठून ती घंटा फोनवर टिपून आणली. त्याने आधी चौकशी केली, "कशाला पाहिजे?" खरं कारण सांगितल्यावर त्याने भरल्याची, सुटल्याची आणि मधल्या सुट्टीची अशी तिन्ही प्रकारे वाजवून दिली, आणि मग एकदा मुलांच्या आग्रहाखातर. साडेपाचला हिने पर्स उचलली की मी आतल्या खोलीत जाऊन मधली सुट्टी संपल्याची घंटा लावतो. ही थांबते. पर्स खाली ठेवते. "झाली वाटतं सुट्टी. अजून दोन तास आहेत." मग पाढे होतात. मी सतराच्या पाढ्यात अडतो आणि ही चालते. रोज लागू पडतंच असं नाही. ज्या दिवशी पडत नाही त्या दिवशी आम्ही दोघं चपला घालून खरोखर निघतो, सोसायटीला फेरी मारतो, आणि पुन्हा त्याच दारात आल्यावर ही म्हणते, "आलं बाई एकदाचं घर." मला म्हणते, "बसा, चहा घेऊन जा."

हरवण्याची भीती कोणाला नसते? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात संस्कृतचे पंडित असलेले आजोबा गाडीतून उतरून एका हत्तीमागे निघून जातात. मोहन आगाशे यांनी ते काम असं केलंय, की तो चित्रपट पाहिल्यावर मी घरी येऊन आधी कडी तपासली होती. जपानमधल्या इरुमा शहराने 2016 मध्ये अशा लोकांच्या नखांवर क्यूआर कोडचे बारीक स्टिकर लावायला सुरुवात केली. मुंबईत 2023 मध्ये हरवलेला एक मुलगा गळ्यातल्या क्यूआर कोडच्या लॉकेटमुळे काही तासांत घरी पोचला. आमच्याकडे नखांचा प्रश्न नव्हता, हिची नखं खडूने भरलेली. घड्याळासारखा ट्रॅकर हातात घातला तर ही काढून ठेवते. म्हणून मुलाने पाठवलेली गोल चकती मी हिच्या पर्सच्या अस्तरात शिवली, कारण पर्सशिवाय ही उंबरा ओलांडत नाही.

एके सकाळी मी बँकेत रांगेत उभा असताना फोनमधला ठिपका हलायला लागला. सदाशिव पेठ ओलांडली. लक्ष्मी रस्त्याला लागला. हिला एवढं भरभर चालता येतं याचा क्षणभर अभिमानही वाटला. मी रांग सोडली, रिक्षा केली, रिक्षावाल्याला फोन दाखवून "या ठिपक्यामागे घ्या" म्हणालो. (पुण्यातला रिक्षावाला असूनही तो लगेच निघाला, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळखावं.) ठिपका गल्लीबोळांतून थांबत थांबत चालला होता. गाठला तेव्हा तो हातगाडीवर होता. रद्दीवाला. हिने पर्स जपून ठेवण्यासाठी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात लपवली होती आणि मावशींनी गठ्ठा किलोवर घातला होता. ही घरी बसून लाडू वळत होती. यंत्राची काही चूक नव्हती, ते पर्सवर नजर ठेवायला सांगितलं होतं आणि त्याने ठेवली. रद्दीवाल्याने पर्स परत केली, मात्र तिचं वजन धरून जे पैसे मावशींना दिले होते ते कापून घेतले.

ही सगळी यंत्रं हिच्यासाठी आणली, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. खरं तर वापरतो मी. चटई वाजेल या भरवशावर मी झोपतो. त्याआधी रात्र रात्र एक डोळा उघडा ठेवून, हिच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधून पडायचो; सप्तपदीनंतर इतक्या वर्षांनी पुन्हा गाठ. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे भारतात साठीच्या पुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना, डिमेन्शिया आहे. त्यातल्या बहुतेकांच्या पलंगाशेजारी कोणीतरी असंच जागं असणार, आणि त्या कोणाची मोजणी झालेली माझ्या वाचनात नाही. आठवण परत आणणारं यंत्र कोणी काढलं तर सोन्याहून पिवळं. तोवर निजवणाऱ्या यंत्राला मी दोन मार्क जास्त देईन.

एका यंत्राबद्दल मात्र माझं मन अजून साफ नाही. हॉलमधला कॅमेरा. मुलाचा जीव तिकडे टांगणीला असतो म्हणून तो लावू दिला. न्हाणीघर आणि निजायच्या खोलीपाशी मी लक्ष्मणरेषा आखली आहे. हिला विचारून लावलाय का, असं कोणी विचारलं तर विचारलं होतं. हिने 'हो' म्हटलं होतं आणि पुढच्या मिनिटाला विसरली होती. तो 'हो' किती दिवस चालतो, हे मला ठरवता आलेलं नाही. मुलाला तर त्यातून बोलताही येतं. एक दिवस ही गॅसच्या दिशेने निघाली तसा छताकडून आवाज आला, "आई, तिकडे जाऊ नकोस!" मला वाटलं ही घाबरेल. ही वर बघून म्हणाली, "कोण रे तो? न विचारता बोलायचं नाही. आधी हात वर कर." क्षणभर शांतता. तिकडे न्यू जर्सीत, मध्यरात्री, एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माणसाने खोलीत एकट्याने हात वर केला, असं सुनेने मला नंतर सांगितलं. आता तो बोलण्याआधी "बाई, मी बोलू का?" असं विचारतो. परवानगी रोज मिळत नाही.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहावं लागायचं. 2014 मध्ये घरबसल्या डिजिटल दाखल्याची सोय झाली, पण बोटांचे ठसे लागायचे, आणि म्हातारपणी ठसे उमटत नाहीत. रेषा वयाने झिजतात; ही म्हणायची, खडूने. 2021 पासून नुसता चेहरा दाखवून भागतं. फोन समोर धरायचा, यंत्र चेहरा ओळखतं, आणि हा फोटो नसून जिवंत माणूस आहे याची खात्री करायला डोळे मिचकवायला सांगतं.

यंदा मी हिला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि फोन धरला. पडद्यावर सूचना आली. "बाई, डोळे मिचकवा," मी म्हणालो.

"कोणाला?"

"याला. फोनला."

"शोभतं का हे तुम्हाला?" असं म्हणून हिने फोनकडे जे रोखून पाहिलं, ते पापणी न लववता. तिसरीचा अख्खा वर्ग त्या नजरेने गप्प होत असे. यंत्रही गप्प झालं आणि वेळ संपली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगू लागलं. पुन्हा तेच. सरकारच्या दृष्टीने हिची हयात अधांतरी लोंबकळत होती. शेवटी मावशींनी मागच्या फळ्यावर डस्टर जोरात आपटलं, खडूची भुकटी उडाली, आणि हिने दोन्ही डोळे मिटून उघडले. फोनने हिरवी खूण दाखवली.

"काय आलं?" हिने विचारलं.

"पास झालात, बाई."

"मार्क किती?"

"यात मार्क नसतात. नुसतं पास की नापास."

"मग पेढे आणा. नुसते काय उभे राहता?"

मी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि बाहेर पडलो. जिन्यात असतानाच खिशातला फोन टुणकन वाजला: दार उघडलं. ते मला ठाऊक होतं, मीच उघडलं होतं. पण ही सूचना न्यू जर्सीलाही जाते. रस्त्यावर येईपर्यंत मुलाचा फोन. तिकडे रात्रीचे सव्वादोन वाजले असतील.

"बाबा, दार उघडलंय! आई बाहेर गेली का?"

"नाही रे, मी गेलोय."

"कुठे?"

"पेढे आणायला. आई पास झाली."

"कशात?"

"मागून सांगतो. एक वाजत आलाय, दुकान बंद करतील."